दवाखान्यात १५८, घरी १२४: यातलं माझं बीपी कुठलं?

वाचकाचं पत्र

माझं वय ४७. गेल्या वर्षभरात तीन वेळा दवाखान्यात बीपी मोजलं: १५८/९६, १६४/९८ आणि १५२/९४. घरी मात्र ते १२४/७८ च्या आसपास असतं. माझ्याकडे मनगटाला बांधायचं यंत्र आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी आडवी झाले की पोटावर उशी घेते, तिच्यावर हात ठेवते आणि निवांत मोजते. पहिला आकडा जास्त आला तर थोडं थांबून पुन्हा मोजते आणि शेवटी जो येतो तो लिहून ठेवते. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मी ती आणली, पण चालू केलेली नाही. एकदा लागली की जन्माची लागते म्हणतात. चार महिने झाले, दवाखान्यात परत गेलेले नाही, कारण गेले की डॉक्टर गोळीबद्दल विचारणार. घरचे म्हणतात, "तू उगाच टेन्शन घेतेस, तुला काही झालेलं नाही." खरं सांगू? तो पट्टा दंडाला आवळायला लागला की मला माझे वडील दिसतात. ५८ व्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा त्यांच्या पलंगाशी दर तासाला कुणीतरी येऊन बीपी मोजायचं. दवाखान्यातला आकडा खरा की घरचा? आणि ती गोळी मी घेऊ की नको?

– दोन आकड्यांत अडकलेली

उत्तर

प्रिय ताई,

दवाखान्यात १५८ आलं त्या क्षणी तुमच्या धमनीत खरोखरच तेवढा दाब होता. यंत्र खोटं बोललं नाही आणि तुम्हीही काही ढोंग केलं नाही. पण वर्षात दवाखान्यात तुम्ही बसता किती वेळ? फार तर तासभर. उरलेलं वर्ष तुमच्या हृदयाला, मेंदूला आणि मूत्रपिंडांना किती दाब सोसावा लागतो, हे आपल्याला कळायला हवं, आणि ते तुमच्या केसपेपरवरून कळत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण ते तुमच्या वहीवरूनही कळत नाही.

वहीबद्दल आधी बोलते, कारण तुमचा सगळा भरवसा तिच्यावर आहे. तुम्ही आडव्या होऊन, पोटावरच्या उशीवर हात ठेवून मोजता. मनगटाचं यंत्र मनगटातला दाब मोजतं, आणि मनगट हृदयाच्या पातळीला असेल तरच तो आकडा कामाचा. हात हृदयापेक्षा वर गेला की तेवढ्या उंचीच्या रक्ताच्या स्तंभाचा भार वजा होतो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर पारा (बीपीचे आकडे याच मापात असतात), असा हा हिशोब आहे आणि तो निव्वळ भौतिकशास्त्राचा आहे. उताणं झोपलेल्या माणसाच्या पोटावरच्या उशीवर ठेवलेला हात हृदयापेक्षा १५ सेंटिमीटर तरी सहज वर असतो. म्हणजे ११-१२ चा फरक इथेच पडला. तुमचे १२४ नीट मोजले तर १३५ भरतील, अशी चांगलीच शक्यता आहे. आणि घरी मोजलेल्या बीपीत १३५ हा आकडा नेमका उंबरठ्यावरचा आहे, त्याकडे पुढे येतेच.

दुसरी गोष्ट अशी की मनाजोगता आकडा येईपर्यंत तुम्ही मोजत राहता आणि तोच लिहिता. हे सगळेच करतात. वजनकाट्यावरून उतरून, चपला काढून पुन्हा चढणारी माणसं काय वेगळं करतात! पण मग ती वही बीपीची राहत नाही, मनाच्या समाधानाची होते. आणि मोजायची वेळ कुठली, तर सुट्टीची दुपार, म्हणजे आठवड्यातला सगळ्यात निवांत तास. डॉक्टरांनी तुम्हाला तुमच्या सगळ्यात धास्तावलेल्या क्षणी पाहिलं आणि तुम्ही स्वतःला सगळ्यात सैलावलेल्या क्षणी पाहिलंत. मधली तुम्ही अजून कुणी मोजलेलीच नाही.

आता दवाखान्यात बीपी का चढतं, ते बघू. बीपीची नोंद झालेलं पहिलं मोजमाप एका घोडीचं होतं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स नावाच्या धर्मोपदेशकाने तिला जमिनीवर बांधून पाडलं, तिच्या धमनीत नळी खुपसली आणि उभ्या काचेच्या नळीत रक्त किती चढतं ते पाहिलं. ते ८ फूट ३ इंच चढलं, असं त्याने १७३३ साली छापून ठेवलंय. हे वाचताना मला दर वेळी वाटतं, त्या बिचारीचं नेहमीचं बीपी तेवढं थोडंच असणार! घाबरलेल्या जिवाचं बीपी मोजण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

माणसांच्या बाबतीत हे नीट दाखवून दिलं ते इटलीतल्या ज्युझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८३ साली. रुग्णालयातल्या काही रुग्णांच्या धमनीत बारीक नळी होती, त्यामुळे त्यांचं बीपी क्षणाक्षणाला नोंदवलं जात होतं. मग एक अनोळखी डॉक्टर खोलीत आला आणि नेहमीसारखा पट्टा बांधून बीपी मोजू लागला. जवळजवळ प्रत्येकाचं बीपी उसळलं. पहिल्या चार मिनिटांच्या आत वरचा आकडा सरासरी २७ ने आणि खालचा १५ ने वाढला, आणि डॉक्टर तिथेच असताना काही मिनिटांत तो हळूहळू उतरूही लागला. पुढे त्याच गटाने हे काम नर्सकडून करवून घेतलं, तेव्हा ही उसळी साधारण निम्मीच भरली. त्या रुग्णांत कुणी मुलखाचे भित्रे नव्हते. कितीतरी जणांना आपलं बीपी चढलंय याचा पत्ताही नसतो. "मला तर काहीच भीती वाटत नाही हो डॉक्टर," असं म्हणणाऱ्याचाही आकडा १६० येतो. शरीराने एक जोडणी शिकून ठेवलेली असते: ही खुर्ची, हा पट्टा, म्हणजे आता काहीतरी निकाल लागणार. मग अ‍ॅड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात ठोके देतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. तुमची विचार करायची पाळी येईपर्यंत शरीराचं काम होऊन गेलेलं असतं.

तुमच्या बाबतीत ही जोडणी कुठे झाली, ते तुम्हीच लिहिलंय. वडिलांच्या पलंगाशी. म्हणून घरच्यांचं "उगाच टेन्शन घेतेस" हे वाक्य मला पटत नाही. यातलं "उगाच" तर अजिबातच नाही.

या प्रकाराला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, आपण पांढऱ्या कोटाचं बीपी म्हणू. दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आणि बाहेर नीट मोजल्यावर नॉर्मल, असं हे. अमेरिकेतल्या थॉमस पिकरिंग यांनी १९८८ साली, दवाखान्यात बीपी थोडंसंच वाढलेलं येणारे आणि औषध न घेणारे २९२ जण तपासले, तेव्हा त्यांतल्या २१ टक्क्यांचं दिवसभराचं बीपी नॉर्मल निघालं. म्हणजे साधारण पाचातला एक. आकडा दिलासा देणारा आहे, पण उलटा करूनही वाचा: उरलेल्या चौघांचं बीपी दवाखान्याबाहेरही वाढलेलंच होतं, आणि त्यांच्यातही "मला दवाखान्यातच होतं" असं म्हणणारे असणारच.

इथे आम्हा डॉक्टरांचाही कान धरायला हवा. दवाखान्यातला प्रत्येक जादा आकडा भीतीने येत नाही, बरेचसे आमच्या घाईने येतात. बाहेर वीस माणसं ताटकळलेली असताना, आत आलेल्या माणसाला श्वास घेऊ न देता मी पट्टा बांधलाय, त्याच्याशी बोलत बोलत आकडा घेतलाय आणि तोच केसपेपरवर लिहिलाय. एकदा नाही, कितीतरी वेळा. मोजताना माणूस बोलत असेल तर आकडा वाढतो. पायावर पाय टाकून बसला असेल, पाठीला टेकू नसेल, लघवी तुंबलेली असेल, तरी वाढतो. २०२४ साली एका चाचणीत नुसता हात कसा ठेवला एवढंच तपासलं. हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकवलेल्या हाताशी तुलना केली, तर मांडीवर ठेवलेल्या हातात वरचा आकडा सुमारे ४ ने आणि खाली लोंबणाऱ्या हातात ६ ते ७ ने जास्त आला. त्याआधीच्या वर्षी पट्ट्याच्या मापाची चाचणी झाली. ज्यांच्या दंडाला सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना मधल्या मापाचा बांधला, तर वरचा आकडा जवळपास २० ने फुगला. वीस! एवढ्यावर एखाद्याला जन्माचा रुग्ण ठरवता येतं. तुमचा दंड जाड असेल तर "मोठा पट्टा आहे का?" असं विचारायला अजिबात लाजू नका.

म्हणून तुमच्या तीन आकड्यांत भीती किती, घाई किती आणि खरं बीपी किती, हे इथे बसून मला सांगता येणार नाही. ते सात दिवसांत तुम्हालाच काढता येईल.

पण त्याआधी एक फोन करायचाय. उद्याच डॉक्टरांना कळवा की गोळी चालू केलेली नाही. कशी सांगू, काय वाटेल, असं होत असेल तर मी वाक्यच देते: "डॉक्टर, तुम्ही दिलेली गोळी मी अजून घेतलेली नाही. मला भीती वाटली. घरी सात दिवस नीट मोजून वही घेऊन येऊ का, की आधीच चालू करू?" यावर रागावणारा डॉक्टर विरळा. "घेतेय" असं सांगून न घेणाऱ्याचं मात्र आम्ही वाईट करतो, कारण आकडा उतरला नाही की आम्ही बिचारे दुसरी गोळी वाढवतो. डॉक्टर म्हणाले, आधी चालूच करा, तर त्यांचं ऐका. त्यांनी तुमची नाडी, मूत्रपिंडं, साखर पाहिलीय, मी पत्र पाहिलंय.

यंत्र बदला. दंडाला बांधायचं, आपोआप फुगणारं घ्या, आणि त्याची अचूकता स्वतंत्रपणे तपासलेली आहे का ते बघा. स्ट्राइड बीपी या नावाने अशा तपासलेल्या यंत्रांची यादी इंटरनेटवर मिळते. दंडाच्या मधोमध टेपने घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापात तो बसतो का ते पाहा. मनगटाचं यंत्र टाकून द्या असं म्हणत नाही, पण या आठवड्यात ते नको. बीपी सांगणारी घड्याळं तर निदानासाठी नकोतच. नाडी अनियमित चालत असेल तर मात्र डॉक्टरांना आधी विचारा. ही यंत्रं ठोक्यांच्या लहरींवरून हिशोब करतात आणि ठोकेच बेताल असतील तर हिशोब चुकतो.

सकाळी उठल्यावर तासाभरात मोजायचं: लघवीला जाऊन आल्यावर, चहा-कॉफीच्या आधी, नाश्त्याच्या आधी, आणि गोळी चालू असेल तर तिच्याही आधी. रात्री झोपण्यापूर्वी दुसऱ्यांदा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, व्यायाम, भांडण यांपैकी काही नको (भांडण पुस्तकात नाही, ते माझं). खुर्चीत पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर सपाट, उघडा दंड, हात टेबलावर असा की पट्टा छातीच्या मधोमध येईल. मग पाच मिनिटं नुसतं बसायचं. लोकांना सगळं जमतं, हे जमत नाही. फोन खाली ठेवा, टीव्ही बंद, शेजारी कुणी "किती आलं? किती आलं?" करत बसलेलं नको. बटण दाबा, आकडा लिहा, एक मिनिट थांबा, पुन्हा दाबा, तोही लिहा. संपलं. तिसऱ्यांदा मोजायचं नाही, आणि दोनांतला लाडका निवडायचा नाही. १४९ आलं तर १४९ लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं मोजून पाहा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे धरा. दोन हातांत वारंवार १५ किंवा जास्त फरक आला तर तोही वहीत नोंदवा, डॉक्टरांना तो पाहायचा असतो.

मोजण्याआधी दीर्घ श्वास घेऊ का, असं बरेच जण विचारतात. सावकाश श्वसनाने आकडा थोडा उतरतो, हे खरं. पण या आठवड्यात आपल्याला आकडा उतरवायचा नाहीये, पाहायचाय. साधा श्वास घ्या. आणि काम असलेले दिवसही या सातांत येऊ द्या, नुसती सुट्टी पाहून सुरुवात करू नका.

सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून द्या. नवीन यंत्राचीही एक धास्ती असते, ती पहिल्या दिवशी जिरते. उरले सहा दिवस, रोज चार, म्हणजे २४ नोंदी. वरच्या आकड्यांची बेरीज करून २४ ने भागा, खालच्यांची वेगळी करून २४ ने भागा. जे येईल ते तुमचं घरचं बीपी. एखादा १५१ दिसला म्हणून घाबरू नका आणि एखादा ११८ दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. निकाल सरासरीवर.

सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, दोनांपैकी एक आकडा जरी त्यावर गेला, तरी तुमचं बीपी घरीही वाढलेलं आहे. मग पांढऱ्या कोटाला बोल लावून उपयोग नाही. दोन्ही आकडे त्याच्या खाली आले, तर दवाखान्यातली वाढ बहुतांशी दवाखान्यापुरती आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ साली ही रेषा आणखी खाली आणून १३०/८० वर ठेवली, युरोपात घरच्या मोजमापाला अजून १३५/८५ धरतात. त्यामुळे तुमची सरासरी १३२/८२ वगैरे मध्येच अडकली, तर दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतील आणि दोघंही अडाणी नसतील. अशा वेळी २४ तासांचं मॉनिटर लावून घ्यावं, असं माझं मत. कमरेला छोटं यंत्र, दंडाला पट्टा. दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री थोड्या जास्त अंतराने ते आपणहून फुगतं. फुगेल तेव्हा हात स्थिर ठेवायचा, बाकी दिवस नेहमीसारखा काढायचा. झोप जरा मोडते. पण झोपेतलं बीपी फक्त तेच सांगतं, आणि ती माहिती मोलाची असते: निरोगी माणसाचं बीपी रात्री १० ते २० टक्क्यांनी उतरतं. ज्यांचं उतरत नाही, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. २४ तासांची सरासरी १३०/८० च्या खाली हवी.

घरचं बीपी खरोखर नॉर्मल निघालं, तर गोळी बहुधा लागणार नाही. पण "काही झालेलं नाही" असंही मी म्हणणार नाही. २०१९ साली २७ अभ्यासांची मिळून, ६० हजारांहून जास्त माणसांची, एकत्रित तपासणी प्रसिद्ध झाली. पांढऱ्या कोटाचं बीपी असलेल्या आणि औषध न घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा घटना नॉर्मल बीपीवाल्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त आढळल्या. त्यातल्या बऱ्याच जणांचं बीपी पुढे काही वर्षांत घरीही वाढू लागतं, हे त्याचं एक कारण असावं. वडिलांचा इतिहास पाहता तुमच्यावर तर लक्ष हवंच. वर्षातून एकदा साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, एक ईसीजी, आणि दर काही महिन्यांनी हाच सात दिवसांचा कार्यक्रम. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा सपाट चमचाभर. चालणं, वजन, झोप, हे तुम्हाला पाठ असेल, ते परत लिहीत नाही. फक्त एक विचारते: अंगदुखीची गोळी वारंवार घेताय का? सर्दीत नाक मोकळं करणारी? स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, ज्येष्ठमधाचा काढा? ही सगळी बीपी चढवू शकतात, आणि ही "औषधं" आहेत हे डॉक्टरांना सांगायचं बहुतेक जण विसरतात.

याच्या उलटाही एक प्रकार असतो आणि तो जास्त वाईट. दवाखान्यात १२६, घरी आणि कामावर १४५. याला छुपं बीपी म्हणतात. ही माणसं मला पत्रं लिहीत नाहीत, कारण त्यांना वाटतं आपलं छान चाललंय. तुमचे घरचे एवढे ठामपणे सल्ले देतात, तर त्या आठवड्यात त्यांच्याही दंडाला पट्टा बांधा.

सरासरी जास्त आली तर? तर गोळी घ्या. "एकदा लागली की जन्माची लागते" हे वाक्य अर्धवट आहे. बीपीच्या गोळीची सवय लागत नाही, तिच्यावाचून शरीर तडफडत नाही. गोळी चालू राहते कारण बीपी चालू राहतं. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसतं म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं, असं कुणी म्हणत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर काहींची मात्रा कमी होते, क्वचित बंदही होते. मात्र ते डॉक्टरांनी करायचं. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं.

आणि वडिलांबद्दल. त्यांच्या पलंगाशी तुम्ही पट्टा पाहिलात तो घाव बसून गेल्यानंतर. तुमच्या मनात पट्टा आणि अर्धांगवायू एकत्र शिवले गेलेत, यात नवल नाही. पण वरचा आकडा औषधाने १० ने उतरवला, तर पक्षाघाताचा धोका साधारण चौथ्या हिश्शाने कमी होतो. हे हजारो माणसांवरच्या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या यंत्राने तुमच्या वडिलांचं काही बिघडवलं नाही. ते दहा वर्षं आधी त्यांच्या दंडाला लागलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही, आणि तुम्हीही त्या हिशोबात पडू नका. तुमचं वय ४७ आहे, एवढं धरून चला. ही धडकी फारच बसत असेल, त्यापायी इतर तपासण्याही टळत असतील, तर समुपदेशकाशी बोला. बीपी खालीवर काहीही असो, वडिलांबद्दल कुणाशी बोलण्यासाठी ते एवढं कारण पुरे.

आता सात दिवस थांबू नये असे प्रसंग. घरी १८०/१२० किंवा जास्त आलं, तर शांत बसून पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि सोबत छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलता येईना, दिसेनासं झालं, तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ रुग्णवाहिका बोलवा. हे वाचणाऱ्यांत कुणी गरोदर असेल तर तिला वरचं सात दिवसांचं गणित लागू नाही. १४०/९० आलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, आणि १६०/११० आलं तर थेट रुग्णालय.

सात दिवस झाले की ते यंत्र कपाटात ठेवून द्या. दिवसातून दहादा मोजणारी माणसं मी पाहिलीत. प्रत्येक आकडा पुढच्या आकड्याला घाबरवतो.

मग दवाखाना. वेळेच्या थोडं आधी पोचा, लघवीला जाऊन या, आणि आत गेल्यावर म्हणा, "मी पाच मिनिटं बसते, मग मोजाल का? की शेवटी मोजूया?" नर्सने मोजलं तरी चालेल, उलट बरंच. आकडा जास्त आला तर आणखी दोनदा मोजायला सांगा, शेवटच्या दोनांची सरासरी धरतात. आपलं यंत्रही सोबत न्या, त्याच हाताला एकदा त्यांचं, एकदा तुमचं, असं लावून पाहता येईल. आणि पट्टा आवळायला लागल्यावर वडील आठवलेच, तर डॉक्टरांना तेही सांगा. केसपेपरवर "आकडा १५६, पेशंट धास्तावलेली, घरची सरासरी सोबत" अशी एक ओळ पडली, तर पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनाही ती उपयोगी पडते.

वहीत पहिल्या पानावर तुमचे जुने, पोटावरच्या उशीवरचे आकडे असतील. ते फाडू नका. त्याखाली एक रेघ मारा आणि नवीन सुरू करा. आणि ती चार महिन्यांपूर्वीची गोळ्यांची स्ट्रिप जिथे ठेवलीय तिथून काढून दवाखान्यात न्यायच्या पिशवीत घाला. घ्यायची ठरली, तर तीच चालेल की मात्रा बदलायची, हे डॉक्टरांना तिच्याकडे बघूनच सांगता येईल.

तुमची,
सदर लिहिणारी डॉक्टर